खिळ्यांच्या फळीतला टीव्ही

एका गावात एक भोळी बहीण होती. गाव निंबोडी, बहीण मी.

माझा दादा, विश्राम, जत्रेत खिळ्यांच्या फळीचा खेळ लावायचा. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी उडते आणि खिळ्यांवर आपटत खाली येते. मागच्या जत्रेत जागा मिळाली ओढ्यापलीकडं. कोणी फिरकलंच नाही. म्हणून यंदा दादानं फळीच्या मधोमध जुना टीव्ही आडवा बसवला. वर काच. काचेवरून गोळी पळते, खाली टीव्हीत शेळ्या चरतात. शेळीवरून गोळी गेली की शेळी ओरडते आणि गुण वाढतात. कसे, ते दादालाच ठाऊक. रविवारी जत्रा कमिटीचे अध्यक्ष खेळ बघायला येणार होते. आवडला तर देवळासमोरची जागा. नाहीतर दादा खेळ कायमचा बंद करणार होता.

गुरुवारी दादा म्हणाला, "काचेवर डाग दिसला की पूस."

मला काळे डाग दिसले. पुसायला गेले तर ते पळाले. मी दुपारपर्यंत त्यांच्यामागं फडकं घेऊन होते.

"अगं बाय, त्या शेळ्या आहेत. चित्रातल्या. काचेवर काहीही दिसलं तरी हात लावू नको."

"बरं दादा."

शुक्रवारी शेजारच्या अनसूयाकाकू खेळायला आल्या. त्यांचा चहा काचेवर सांडला. मी हाताची घडी घालून बसले.

"पूस की गं," काकू म्हणाल्या.

"दादानं हात लावू नको म्हणून सांगितलंय."

चहा टीव्हीत गेला. दादानं दिवसभर टीव्ही उन्हात वाळवला.

"चहा खरा असतो," तो म्हणाला. "आधी हात लावून बघ. हाताला लागलं तर खरं. आणि गोळी खिळ्यांत अडकली तर फळीला खालून हळूच धक्का दे."

"बरं दादा."

शनिवारी एक शेळी चरता चरता जागीच थांबली. मी फळीला खालून धक्का दिला. टीव्हीची वायर निघाली.

"चित्र अडकलं तर बटण बंद करून चालू करायचं. धक्का फक्त खऱ्याला."

"बरं दादा."

रविवारी अध्यक्ष जयसिंगराव आले. खेळले. शेळ्या ओरडून ओरडून दमल्या. अध्यक्ष खूश.

"विश्राम, देवळासमोरची जागा तुझी. माझा एक फोटो काढ खेळाबरोबर."

दादानं मोबाइल धरला. "साहेब, हलू नका."

अध्यक्ष फळीवर वाकून हसत राहिले. दादाचा मोबाइल जुना, लवकर चालेना. अध्यक्ष हलेनात. त्यांचं हसूही हलेना. मी ओळखलं, अडकले.

पण या वेळी मी घाई केली नाही. आधी त्यांच्या कोपराला हात लावून पाहिला. हाताला लागले. म्हणजे खरे. म्हणजे बटण नाही, धक्का. तोही हळूच. आणि फळीला खालून द्यायचा असतो, म्हणून त्यांनाही खालूनच दिला.

अध्यक्ष काचेवर, काच टीव्हीवर. सगळ्या शेळ्या एकदम ओरडल्या आणि कायमच्या गप्प झाल्या.

"दादा, सुटले बघ," मी म्हटलं.

"जागा," अध्यक्ष फळीतूनच म्हणाले, "ओढ्यापलीकडं."

दादा मोबाइल धरून तसाच उभा. बोलेना, हलेना.

मी त्याच्या कोपराला हात लावून पाहिला.