सगुणा, बहावा आणि निळी चटई

सगुणाच्या घराला एकच खिडकी होती आणि ती बागेत उघडायची. बागेच्या कुंपणाला टेकलेली पत्र्याची खोली, तिच्यात आई आणि सगुणा. बाग झाडायचं काम आईचं. पण उन्हाळा लागला, आईची कंबर धरली आणि खराटा सगुणाच्या हातात आला. त्याचा दांडा तिच्यापेक्षा उंच होता. हाताला फोड येत, फुटत, त्यावर हळद लावून ती पुन्हा झाडायला जाई.

बाग मात्र फार सुरेख. सगळ्या वसाहतीने मिळून ती वाढवली होती. लालचुटूक जास्वंदी, निळ्या गोकर्णीचे वेल, टिकलीएवढी पिवळी फुलपाखरं, आणि तळ्याकाठी एक कोवळा, ठेंगणा बहावा. दर रविवारी सकाळी वसाहतीतली मुलं तिथे निसर्गफेरीला येत. प्रमदाताई त्यांना झाडं ओळखायला शिकवत. मग मोठ्या निळ्या चटईवर बसून मुलं पानाफुलांची चित्रं करत. सगुणा कुंपणापाशी उभी राहून बघत असे. त्या चटईवर बसून एक चित्र करायचं, एवढंच तिला हवं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काही मिळतं असा अनुभवच तिला नव्हता.

प्रमदाताईंचा एक छान नियम होता. त्या मुलांना म्हणत, "चित्रासाठी खाली पडलेलंच घ्यायचं हं. झाडावरचं काही तोडायचं नाही."

त्यांचा दुसरा नियम सगुणासाठी होता. "मुलं यायच्या आत बाग लख्ख झाली पाहिजे. एक पान दिसता कामा नये."

दोन्ही नियम एकाच बाईंचे! मोठ्या माणसांच्या डोक्यात असं पुष्कळ काही सुखाने नांदत असतं. मुलं फेरीला निघत तेव्हा खाली काडीसुद्धा नसे. मग ताईंची पाठ वळली की कुणी एक पान तोडे, कुणी एक कळी. एकच तर तोडलं, असं प्रत्येकाला वाटे. बहावा सगळ्यांच्या हाताला यायचा. एका रविवारी त्याच्यावर एकही पान उरलं नाही.

त्या दुपारी सगुणा त्याला पाणी घालायला गेली, तर उघड्या फांदीवर एक इवलीशी परी बसलेली. बोटभर उंच, हळदी रंगाचा झगा, पंखांवर सोनेरी चमचम. पण एक पंख फाटला होता.

"तुम्हाला लागलंय का?" सगुणाने विचारलं.

"लागलंय गं," परी म्हणाली. "इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. म्हणून माझ्याकडची इच्छा तुला देते. पण नियम ऐकून घे. इच्छा एकच. ती मोठ्याने बोलायची, मनात ठेवून चालत नाही. आणि ती पुरी करायला माझं उरलंसुरलं बळ लागेल. त्या बळावरच हा बहावा अजून जिवंत आहे."

"म्हणजे मी माझ्यासाठी मागितलं तर हा वाळेल?"

"वाळेल."

सगुणाला परीचा रागच आला. इच्छा द्यायची आणि वर असं सांगायचं, ही काय रीत झाली? निळी चटई अगदी तिच्या ओठांवर होती. एक शब्द बोलायचा अवकाश होता. तिने बहाव्याच्या सालीवर हात ठेवला. मग ती रडत रडत म्हणाली, "या झाडाला पानं येऊ देत. फुलं येऊ देत."

"आणि तुला?"

"मला काही नको."

हे खोटं होतं आणि परीला ते कळलं. "सगुणे, आता तुला द्यायला माझ्यापाशी काही राहिलं नाही," ती म्हणाली. "या झाडावर फुलं आहेत तोवर मी त्यांत राहीन. तुझं बक्षीस आता माणसांनी द्यायचं." हे म्हणताना तिचा चेहरा उतरला. ती त्या बागेत राहणारी होती, माणसं तिच्या चांगल्या ओळखीची होती.

पुढच्या रविवारी बहावा पिवळ्याधमक घोसांनी लवून गेला. पोपटी पालवी, सोनेरी झुंबरं, भुंग्यांची नुसती गर्दी. "आपल्या मुलांच्या प्रेमाने फुलला हो," असं प्रमदाताई म्हणतच होत्या, तेवढ्यात ओवी नावाची छोटी मुलगी म्हणाली, "नाही ताई. आम्ही तर त्याची पानं तोडली. सगुणा त्याला पाणी घालते, मी बघितलंय."

ताई वाईट नव्हत्या. त्यांनी सगुणाला कुंपणापासून बोलावलं आणि सगळ्यांसमोर तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अशा गुणी मुलीला बक्षीस द्यायलाच हवं. आज मुलांनी चित्रं नाही काढायची, सगुणासाठी एक वस्तू रंगवायची."

मुलं डोकी एकत्र करून रंगवू लागली. कुणी मोर काढला, कुणी वेल, कुणी पिटुकल्या चांदण्या. मग ताईंनी ती वस्तू तिच्या हातात दिली. तो एक नवा खराटा होता. दांडा बरोबर तिच्या उंचीचा, वरपासून खालपर्यंत रंगवलेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आवडला ना?" ताईंनी विचारलं.

मनात ठेवून चालत नाही, हे सगुणाला परीने शिकवलं होतं. ती म्हणाली, "ताई, मला चटईवर बसायचं होतं."

टाळ्या थांबल्या. ताई गोंधळून हसल्या. "बस की गं कधीतरी. पण सगुणा, तू चटईवर बसलीस, तर बाग झाडायची कोणी?"

त्या खरोखरच विचारत होत्या. आणि एवढ्या माणसांत एकालाही उत्तर सुचलं नाही.

तेव्हा बहावा आतून उजळला. घोसाघोसातून लखलखतं सोनेरी तेज बाहेर आलं. त्या तेजात सगुणाला परी दिसली. तिचा पंख अजून फाटकाच होता. तिने सगुणाकडे बघितलं, हात हलवला आणि प्रकाशात विरून गेली. त्याबरोबर झाडावरची सगळी फुलं एकदम खाली आली. पाकळ्या वाऱ्यावर बागभर पसरल्या. वाटा बुडाल्या, हिरवळ बुडाली, निळी चटईसुद्धा बुडाली. चटई कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, हे कुणालाच सांगता येईना.

ओवी सरकली. सगुणा तिच्याशेजारी बसली. तिला कुणी उठवलं नाही, कारण कुठून उठवायचं तेच कळत नव्हतं. तिने कागदावर पाकळ्या चिकटवून हळदी झग्यातली बोटभर बाई केली. मुलं म्हणाली, फार छान झालंय.

मग ऊन चढलं. मुलं आपापल्या घरी गेली. निघताना प्रमदाताईंनी बागेवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बाई गं, केवढा हा कचरा. सगुणा, संध्याकाळपर्यंत झाडून घे हं."

सगुणाने नवा खराटा उचलला. झाडायला सुरुवात तिने पार पलीकडच्या, फाटकाजवळच्या कोपऱ्यापासून केली. चटईची कड दिसायला जितका उशीर होईल, तितका तिला हवा होता.