राणीच्या कुंडातील गांडूळ

फार पूर्वी डोंगरपायथ्याच्या शिलावती नगरीवर पद्मसेन राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने गांडुळाच्या कुळात जन्म घेतला होता.

राजाची राणी धारिणी मोठी व्रतस्थ. आपल्या मळ्यातल्या धान्याने दारचा वाटसरू जेवल्याखेरीज ती अन्नाला शिवत नसे. एकदा कुदळीने तुटलेले गांडूळ तिने वळवळताना पाहिले आणि त्या दिवशी तिला घास उतरेना. मग तिने आणखी एक नेम धरला. खणण्याआधी दासींनी मळ्यातली सारी गांडुळे वेचून सावलीतल्या कुंडात ठेवायची आणि वर ओला पालापाचोळा घालायचा. बोधिसत्त्वही असाच त्या कुंडात आला.

पुढे मळा रोडावला. पाने पिवळी पडली, मातीतली खडी खडीच राहिली, वाटसरूंपुरतेही धान्य होईना. राणीला दिवसाआड उपास घडू लागले. पुरोहित म्हणाले, नेमात काही चुकले असेल. दासी म्हणाली, दृष्ट लागली. राणीला काहीच उमगेना. जीव वाचवले, मग हे असे का?

एका सकाळी ती कुंडापाशी रडत बसली होती, तेव्हा बोधिसत्त्व वर येऊन म्हणाला, “आई, आम्हाला मळ्यात परत सोड.”

“अरे, तिथं कुदळ आहे.”

“आहे. पण आम्ही मातीबरोबर बारीक खडी गिळतो. पोटात कणावर कण घासतो, कुजलेल्या पाल्यात तो मऊ पडतो. दगडात अडकलेला कस मोकळा होतो नि मुळांना मिळतो. एवढंच दिसतं. आत नेमकं काय होतं, ते मलाही नीट कळलेलं नाही.”

कुंडातले एक तरुण गांडूळ कुरकुरले, “आजोबा, आयता पाला मिळतोय, तर तुमच्या का पोटात दुखतंय?”

बोधिसत्त्व त्याच्यावर रागावला नाही. ज्याला राहायचे त्याने खुशाल राहावे, असे तो म्हणाला.

राणी अधिकच गोंधळली. सोडावे तर नेम मोडतो, ठेवावे तर वाटसरू उपाशी जातो. तिने विचारले, “आणि तू तुटलास, तर पाप कुणाचं?”

“ते मला सांगता येत नाही, आई. भर उन्हाळ्यात आम्ही खोल जाऊन वेटोळं घालून निजतो, तेव्हा वरवर खण. तरी एखादा कुदळीखाली येईलच. म्हणून पहिला मी जातो.”

राणीने त्याला वाफ्यात ठेवले. बरोबर केले की चूक, हे तिला तेव्हाही ठरवता आले नाही. थोड्या वेळाने कुरकुरणाराही त्याच्यामागे वाफ्यात उतरला, मग बाकीचे. मळा काही लगेच सावरला नाही. दगड मऊ व्हायला वेळ लागतोच. तोवर राणी स्वतः पाला नेऊन घालीत राहिली. हळूहळू वाटसरू रोज जेवू लागले आणि तिचेही उपास सुटले.

ही कथा सभेत सांगून शास्ते भगवान म्हणाले, “ती राणी म्हणजे आजची उपासिका पूर्णिका. कुरकुरणारा म्हणजे मागे बसलेला हा भिक्षू. वाफ्यात पहिला उतरलेला मीच होतो.”

पूर्णिकेने हात जोडून विचारले, “मग भगवन्, माझा नेम मोडला की पाळला गेला?”

शास्ते म्हणाले, “वाटसरू जेवला, पूर्णिके. परक्याच्या घासासाठी आपला निवारा सोडणे, हीच दानपारमिता, दानाची परिपूर्णता.”