पंचमीला कापलेला नाग

मूल घाबरलं, की आधी कारण सांगावं की आधी जवळ बसावं, या विवंचनेने कित्येक रात्री माझा डोळा लागला नाही. शिकलेल्या आईची हीच गंमत: कारणं जिभेवर तयार असतात, लेकरू मात्र तसंच थरथरत राहतं. त्या जागरणांत ही गोष्ट जुळत गेली.

एकदा एक तरुण शिक्षिका डोंगरातल्या शाळेत एका वृद्ध गुरुजींच्या हाताखाली अध्यापन शिकत होती. नागपंचमीचा दिवस होता. तिने ठरवलं, आज मुलांकडून कागदाचा नाग करवून घ्यायचा आणि त्या एका नागात सगळे विषय गुंफायचे. गोल कागदावर वळत जाणारी रेघ, ही भूमिती. कापून सुटलेल्या पट्टीची लांबी, हे गणित. नाग राहतो कुठे, खातो काय, हा परिसर अभ्यास. आणि दिव्यावर टांगला की तापलेली हवा वर चढून त्याला फिरवते, ते विज्ञान.

मुलांनी कात्र्या घेतल्या आणि एरवी गलका करणारा वर्ग एकाएकी निःशब्द झाला. शहरात वाढलेल्या तिच्या ध्यानातच आलं नाही, की पंचमीला त्या गावात कुणी भाजीसुद्धा चिरत नाही. न जाणो, कुठे नागाला इजा व्हायची. पण बाईंची आज्ञा! मुलं मान खाली घालून कापत राहिली.

सुगंधा नावाच्या मुलीचा नाग सर्वांत सुबक झाला. वारा लागू नये म्हणून बाईंनी दारं-खिडक्या लोटल्या, पणती लावली आणि ज्योतीच्या बऱ्याच वर तो दोऱ्याने टांगला. नाग हलला. मग सावकाश फिरू लागला. भिंतीवर त्याची सावली मुलांच्या सावल्यांवरून सरपटत गेली. कुणीही हसलं नाही.

शाळा सुटली, तरी सुगंधा उठेना. पणतीत तेल ओतत बसली.

"घरी नाही का जायचं?"

"नाही बाई. ह्यो हितं फिरतोय तवर आबांकडं जायचा नाही. आबा म्हशी घेऊन बांधावर गेल्यात. आन् मी कापलंय ना ह्याला."

"अगं वेडे, ही नुसती गरम हवा! ती हलकी होते, वर जाते..."

"व्हय बाई," मुलगी शहाण्यासारखी म्हणाली, आणि तिने आणखी तेल ओतलं.

बाटलीच्या तळाशी थोडंच उरलं होतं. का कोण जाणे, बाईंनाही तिकडे बघवेना.

इतक्यात गुरुजी आले. त्यांनी सगळं ऐकलं, घरून तेलाचा बुधला आणला, सुगंधाशेजारी मांडी घातली आणि स्वतः पणती भरली.

"गुरुजी, तुम्हीसुद्धा?"

"मी दिवा सांभाळतो. तू बांधावर जा आणि हिच्या वडिलांना, आबांना घेऊन ये."

ती गेली. वाटेत गुडघाभर गवत होतं. कुठेतरी काही सळसळलं, की तिचं पाऊल जागीच थबकायचं.

आबा आले. सुगंधाने त्यांच्या पावलांवरचा चिखल पुसून दोन्ही घोटे निरखले. मग त्यांचं बोट घट्ट धरून तिने पणतीवर फुंकर घातली. अंधुक उजेडात नाग मंदावला, थांबला. आणि क्षणभराने, आपणहून, उलटा फिरू लागला. आबांनीही श्वास रोखला. अखेर तो निश्चल झाला.

गुरुजी शिष्येला हळूच म्हणाले, "तुझं विज्ञान खरंच होतं, पोरी. पण तिने हवेचं विचारलंच नव्हतं, तिला बाप धडधाकट बघायचा होता. गवतातून जाताना तुला तरी कुठली भूमिती आठवली? भय निवल्याशिवाय विषय आत शिरत नाही. आधी बांधावर जावं, फळ्यापाशी नंतर."

शिष्येने मान लववली. सुगंधाची मान मात्र अजून वरच होती.

"पण बाई," ती म्हणाली, "दिवा इझल्यावर ह्यो उलटा का फिरला?"