तेराव्याचा रांजण

एका गावात एक रांजण होता. गोष्ट माणसांचीच आहे, पण सुरुवात रांजणापासून करावी लागते. कारण त्या गावात माणसांपेक्षा रांजणाचाच मान मोठा होता.

देवळाच्या ओसरीत तो बसलेला असे, माणसाच्या छातीइतका उंच, तोंडावर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. दर सुगीला प्रत्येक घरानं त्यात एक चांदीचं नाणं टाकायचं. गावात कुणी मेलं की पाटलानं कुलूप उघडायचं आणि त्या पैशातून तेराव्याचं जेवण घालायचं. जेवण म्हणजे साधंसुधं नाही हं! तुपातली बुंदी, जिलबी, मसालेभात, भजी, आणि आग्रह तर असा की माणूस पानावरून उठताना भिंत धरायचा. शेजारच्या गावचे लोक म्हणत, "मरावं तर तुमच्या गावात!" हे ऐकून इथले लोक खुळ्यासारखे खूश होत. अरे बाबांनो, जगावं तर तुमच्या गावात असं कुणी का म्हणत नाही? पण हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

त्याच गावात ठकूबाई नावाची म्हातारी आणि तिची सून येसू अशा दोघी राहत होत्या. ठकूबाईचा मुलगा, म्हणजे येसूचा नवरा, ऐन उमेदीत तापानं गेला होता. तो आजारी असताना औषधाला पैसे नव्हते म्हणून येसू दारोदार फिरली होती. लोक हळहळले आणि त्यांनी दार लावून घेतलं. तेराव्याला मात्र बुंदीच्या परातीवर पराती आल्या. "पोरगा गुणाचा होता हो," म्हणत तेच लोक बोटं चाटत उठले. येसूनं त्या दिवशी पानाला हात लावला नाही.

आता घरात दोघीच. त्यांचं पटत असेल असं वाटतं ना? छे! सकाळी पाट्यावर वरवंटा फिरायला लागला की भांडणही सुरू.

"ही काय चटणी म्हणायची का खडी?" ठकूबाई विचारायची.

"तुम्हाला दात नाहीत, त्याला मी काय करू आत्याबाई?"

"दात नाहीत सटवे, पण जीभ आहे अजून!"

"ती तर सगळ्या गावाला ठाऊक आहे," येसू म्हणायची, आणि वरवंटा आणखी चार वेळा फिरवायची.

पण एखाद्यानं म्हटलं की, नवरा गेला, आता या कजाग म्हातारीला सोडून माहेरी जा, तर येसू त्याच्याकडे अशी काही बघायची की तो पुढचे शब्द गिळून टाकायचा.

एक दिवस ठकूबाईच्या मानेत गाठ आली. बघता बघता वाढली. येसू तिला बैलगाडीत घालून शहरातल्या मोठ्या वैद्याकडे घेऊन गेली. वैद्यानं गाठ तपासली आणि स्पष्ट सांगितलं, "बाई, हा कर्करोग आहे. गाठ कापून काढावी लागेल, पुढे कितीतरी महिने औषध घ्यावं लागेल. आत्ता केलं तर तुमच्या सासूबाई जगतील अशी आशा आहे. उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. खर्च मात्र मोठा आहे."

येसूनं पाटल्या विकल्या, शेळ्या विकल्या. तेवढ्यानं काय होतंय? मग ती पदर खोचून देवळात गेली. पाटील ओसरीवर बसला होता, चार माणसंही होती.

"पाटील, रांजण उघडा," ती म्हणाली.

पाटील दचकला. "कोण गेलं?"

"कुणी जाऊ नये म्हणूनच सांगतेय. आत्याबाईंच्या औषधाला पैसे हवेत."

ओसरीवर एकदम कुजबूज सुरू झाली. मग एकजण म्हणाला, "शिव शिव! जिवंत माणसाच्या नावानं तेराव्याचा पैसा मागते? अपशकुन केलास गं!"

पाटील काही दुष्ट माणूस नव्हता. हात उचलून त्यानं सगळ्यांना गप्प केलं आणि समजुतीनं म्हणाला, "हे बघ येसू, रांजण जिवंत माणसासाठी उघडत नाहीत. आजोबा-पणजोबांपासूनची रीत आहे. म्हातारीचं वय झालंय. तिला शांतपणे जाऊ दे. मी शब्द देतो, तिचा तेरावा असा घालीन की पाच गावं नाव काढतील. वर तुझं गळकं छप्परही शाकारून देतो. तुला एकटीला पुढं जगायचंय, त्याचा विचार कर."

बघा हं, काय मोठा मोह होता! छप्पर खरंच गळत होतं. गावाची मर्जी राहिली असती. आणि म्हातारी गेली म्हणून सुनेला कोण बोल लावणार होतं? गप्प बसायचं, एवढंच काम होतं.

येसू म्हणाली, "पाटील, नवऱ्याच्या वेळी मी गप्प बसले. हात जोडले, रडले आणि गप्प बसले. तुमच्या त्या बुंदीच्या पराती अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. छप्पर गळू दे. मला माझी सासू जिवंत पाहिजे."

"भांडखोर म्हातारी ती! तुला एक दिवस गोड बोलली नाही," एकजण म्हणाला.

"म्हणूनच पाहिजे. भांडायला मला घरात दुसरं आहेच कोण?" येसू म्हणाली, आणि इतका वेळ रोखून धरलेलं रडू तिला आलंच. ती तशीच रडत उभी राहिली, पण हलली नाही.

एवढ्यात काठीचा आवाज आला. ठकूबाई! मानेला फडकं गुंडाळून, धापा टाकत म्हातारी थेट ओसरीवर चढली, रांजणासमोर गेली आणि फरशीवर आडवी झाली. डोळे मिटले, हात छातीवर ठेवले.

"आत्याबाई! हे काय?" येसू घाबरली.

"मेले मी," ठकूबाई म्हणाली. "पाटला, उघड रांजण. माझ्या तेराव्याचं जे काय असेल ते सुनेच्या ओटीत घाल."

गलबला ऐकून गाव गोळा झालं होतं, त्यातली लहान मुलं फिदीफिदी हसायला लागली. पाटलाचं तोंड लाल झालं. "ठकूबाई, थट्टा पुरे. मेलेलं माणूस बोलत नसतं."

म्हातारीनं एक डोळा उघडला. "मग तुम्ही सगळे जिवंत असून गप्प का?"

आता बोला! बायका पाण्याच्या घागरी घेऊन देवळापाशी थांबल्या होत्या. त्यांच्यातली सगुणा तेलीण पुढे आली. तिची लेक बाळंतपणात गेली होती. शहरातली सुईण आणायला पैसे नव्हते. लेकीच्या तेराव्याला आलेली द्रोणचे द्रोण भरून जिलबी तिला आठवली. तिनं घागर खाली ठेवली.

"या रांजणात माझ्या घरची नाणी आहेत," सगुणा म्हणाली. "माझा तेरावा घालू नका. माझं सगळं ठकूबाईला द्या."

"माझंही," मागून लोहार म्हणाला.

"आमचंपण!"

"आणि आमचं!"

एकेक घर बोलत गेलं. पाटील तेवढा उरला. त्यानं कमरेची किल्ली घट्ट धरली. "तुम्हाला वेड लागलंय. आज हिला दिलं, उद्या आणखी कुणाला द्याल, आणि मेल्यावर तुम्हाला कोण विचारणार? किल्ली मी देणार नाही!"

"नको देऊस," ठकूबाई फरशीवरूनच म्हणाली. "ठेव जपून. येशे, घरी जा आणि वरवंटा आण. चटणी तर तुला वाटता येत नाही, हे तरी जमतंय का बघू."

येसू धावत गेली, धावत आली. वरवंटा दोन्ही हातांनी उचलला. एकदा तिनं सगळ्या गावाकडे पाहिलं. कुणीही नको म्हणालं नाही. मग तिनं घातला घाव रांजणाच्या पोटात! कुलूप वर तोंडाला तसंच राहिलं आणि नाणी खळाखळा ओसरीभर पसरली. मघाशी हसणारी मुलंच ती गोळा करून येसूच्या ओटीत टाकू लागली.

वैद्यानं गाठ काढली. औषध फार कडक होतं. ठकूबाईचे केस गेले, अन्न ठरेना, कितीदा तरी ती म्हणाली, "येशे, सोड मला आता." येसू म्हणायची, "गावासमोर मेल्याचं सोंग केलंत, तेवढं पुरे. ही पेज प्या." म्हातारी शिव्या घालत पेज प्यायची. असं करत करत ती बरी होऊन घरी आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "छप्पर अजून गळतंच का?" दुसऱ्याच दिवशी सगळ्या गावानं मिळून ते शाकारलं. पाटील तेवढा आला नाही.

कुंभारानं नवा रांजण घडवला. त्याला झाकणच ठेवलं नाही. तो देवळाबाहेर पारावर मांडला. सुगीला लोक नाणं टाकत आणि आजारपणात लागेल तसं घेत. गावातली बुंदी बंद झाली. पाटलानं मात्र हट्टानं त्यात एक पैसाही टाकला नाही. येताजाता तो तोंड फिरवून जायचा.

काही वर्षांनी पाटलिणीला तशीच गाठ आली. पाटलानं दोन बैल विकले, शेत विकलं, तरी पुरेना. एका संध्याकाळी तो ठकूबाईच्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं कमरेची ती जुनी किल्ली काढली आणि उंबऱ्यावर ठेवली.

येसू पाट्यावर चटणी वाटत होती. किल्ली बघून तिचा हात थांबला. "पाटील, तेराव्याला पाच गावं बोलवायची ना?" ती कडवटपणे म्हणाली.

पाटलाचे डोळे भरून आले. मान खाली घालून तो म्हणाला, "येसू, बोल, काय बोलायचं ते बोल. मागायला मला तोंडच नाही. त्या रांजणात माझं एक नाणं नाही."

ठकूबाई काठी टेकत उठली. तिचे केस आता पांढरेशुभ्र, आखूड उगवले होते.

"पाटलीण जिवंत आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे."

"मग एवढं पुरे. येशे, ठेव तो वरवंटा खाली आणि चल पारावर. चटणी आल्यावर वाट. नाहीतरी खडीच करणार आहेस."

येसूनं वरवंटा बाजूला ठेवला. मग तिनं हात धुतले, पदर खोचला आणि पाटलाच्या पुढं चालू लागली.

तात्पर्य: मेलेल्याच्या पानात वाढण्यापेक्षा जिवंत माणसाच्या औषधाला द्या. आपल्या माणसाच्या जिवासाठी मागताना लाजू नका, आणि रीत आडवी आली तर रीत मोडा.