खर्जाचे बटण

एकदा एका शिष्याला आपल्या यंत्राचा अनावर राग आला. शिष्याचे नाव अभिराम. राहणारा मिरजेचा, म्हणजे जिथे पिढ्यानपिढ्या तंबोरे आणि सतारी घडतात त्या गावचा. पण याने हातात घेतली ती गिटार, तीही विजेवर चालणारी. गाव त्याबद्दल त्याला कधी टोचून बोलले नाही. ते काम तो स्वतःच करी, आणि अगदी मन लावून करी.

यंत्र म्हणजे त्याच्या मामांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. मामा एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत. बेस म्हणजे खर्जाची, जाड तारांची गिटार. ती कानापेक्षा छातीत जास्त जाणवते. तिच्यासाठी बनवलेला हा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा होता. मागून डोकावले की जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या तांबूस पेटलेल्या दिसत. मामा गेल्यावर मामींनी तो भाच्याला दिला. दोन माणसांनी उचलावा एवढे त्याचे वजन. अभिरामने तो मोठ्या हौसेने घरी आणला आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

त्याला हवा होता फाटलेला आवाज. गिटारवाले त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. ज्यांना या वाद्याची गोडी नाही त्यांना हे विचित्र वाटेल, कारण आपण जन्मभर आवाज फाटू नये म्हणून धडपडतो. पण गिटारचा सूर किंचित करकरत, गुरगुरत आला तर त्यात एक वेगळीच धग असते. नीट जमले तर त्या फाटण्यातही सूर शाबूत राहतो. न जमले तर नुसता चिखल होतो. अभिरामचा चिखल होत होता. पायाने दाबायची पेडल त्याने समोर मांडली होती: आवाज फाडण्यासाठी एक, तो आणखी फाडण्यासाठी दुसरे, आणि त्या दोघांचा गोंधळ निस्तरण्यासाठी तिसरे. अ‍ॅम्पचा आवाज मात्र शेजाऱ्यांच्या धाकाने अगदी बारीक ठेवलेला. मग त्यातून जे निघे ते ओल्या घोंगडीखाली कोणी खोकावे तसे ऐकू येई.

नुसती हौस असती तर एवढे जिवाला लावून घ्यायचे कारण नव्हते. पण सांगलीच्या एका बँडमध्ये त्याला तात्पुरती जागा मिळाली होती. बँडची गायिका यामिनी हीच तिथली सर्वेसर्वा. मागच्या तालमीनंतर तिने त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले होते की, तुझी बोटे छान पळतात, पण आवाजाला धार नाही. रविवारी संध्याकाळी पुन्हा ऐकते, नाही जमले तर दुसऱ्या कोणाला तरी बोलावते. ती जागा गेली असती तर पुढचे ठरलेलेच होते. वडिलांनी आपल्या फरशांच्या दुकानात त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. वडील प्रेमळ होते, दुकानही उत्तम चालत होते, आणि म्हणूनच अभिरामला त्या खुर्चीची भीती वाटे. एकदा तिथे बसलो की आपण उठणार नाही, हे तो जाणून होता.

रविवार उजाडला तरी आवाज काही सुधारला नाही. ओळखीचा एक दुरुस्तीवाला म्हणाला, दुपारच्या आत आणून दे, आतली जोडणी तोडून बेसचा अ‍ॅम्प गिटारचा करून देतो. अभिराम लगेच तयार झाला. मामींना मात्र हे ऐकून वाईट वाटले. त्यांनी एवढेच सांगितले की, उघडण्याआधी एकदा बेंजामिन मास्तरांना विचार.

बेंजामिन मास्तर हे अभिरामचे पहिले गुरू, आणि मामांच्या ऑर्केस्ट्रातले गिटारवादक. वय झाले होते, कानाचा तिखटपणा तेवढा कायम होता. तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत, एका कारखान्याच्या माडीवर ते राहत. अभिरामने खालच्या दोघांना विनवून अ‍ॅम्प वर चढवला, पेडल जोडली, आणि काही विचारण्याच्या आधीच वाजवून दाखवले. वाजवता वाजवता तीनदा बटणे फिरवली.

मास्तरांनी ऐकून घेतले आणि ते म्हणाले, “पेटता राहू दे. गल्ली जेवायला गेली की बघू.”

आता हे म्हणजे आगीत तेल. दुरुस्तीवाला दुपारनंतर दुकान बंद करणार होता. अभिरामने ते सांगितले, पुन्हा सांगितले, मग निराळ्या शब्दांत सांगितले. मास्तर मान डोलवत लसूण सोलत बसले. अभिराम खिडकीशी गेला, परत आला, मोबाइल पाहिला, अ‍ॅम्पचे एक बटण फिरवले आणि मास्तरांनी पाहिले म्हणून पुन्हा जागेवर आणले. खालून सारखा एकच आवाज येत होता: तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चाले, ती थांबे, तार छेडली जाई, पुन्हा कानस चाले. या गावात वाढलेल्या माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही. दुरुस्तीवाल्याचा फोन आला आणि मास्तरांनी हातानेच नाही म्हणून खुणावले. अभिरामने त्याला नाही म्हणून सांगितले खरे, पण त्या क्षणी त्याला आपल्या गुरूंचा राग आला, आणि गुरूंचा राग आल्याची लाजही वाटली.

अखेर खालची कानस थांबली. माणसे जेवायला आपापल्या घरी गेली. मास्तर उठले. अ‍ॅम्पचे तोंड त्यांनी भिंतीकडे वळवले आणि मध्ये गादी उभी केली. मग एकेका पेडलची वायर उपसून ती तिन्ही खाटेखाली सरकवली आणि गिटारची वायर थेट अ‍ॅम्पमध्ये खोचली. यापुढे त्यांनी जे केले त्याने शिष्य थक्कच झाला. त्यांनी खर्जाचे बटण फिरवत फिरवत थेट शून्यावर नेले.

“मास्तर,” अभिराम म्हणाला, “बेसच्या अ‍ॅम्पचा बेसच बंद?”

मास्तरांनी मधल्या सुरांचे बटण वर चढवले, आणि ज्या आवाजाच्या बटणाला अभिरामने भीतीने कधी हात लावला नव्हता ते जवळजवळ शेवटापर्यंत उघडले. मग शिष्याच्या हातातल्या गिटारवरचे छोटे बटण स्वतःच्या बोटाने खाली आणले आणि ते म्हणाले, “वाजव.”

अभिरामने आपली हुकमी सुरावट वाजवली, अतिशय जलद. सूर एकमेकांच्या अंगावर कोसळले. मास्तरांनी तारांवर तळवा ठेवला.

“एक सूर. तो संपेपर्यंत दुसरा नाही.”

त्याने एक सूर छेडला. तो स्वच्छ आला. मास्तरांनी गिटारवरचे बटण जरा वर नेले आणि पुन्हा छेडायला सांगितले. या वेळी सुराच्या कडेला थोडी करकर आली. आणखी वर नेले. आणि तो सूर एकदम जागा झाला. तो गुरगुरला, पण फुटला नाही, आणि अभिराम वाट पाहत राहिला तरी विझेना. खिडकीचे तावदान झिणझिणले. हलके छेडले तर सूर मऊ होई, जोर दिला तर दात दाखवी. इतके दिवस तीन पेडलांत जे शोधले ते त्याच्या बोटांत येऊन बसले होते. अभिरामला रडू आले आणि ते लपवण्याइतकेही भान राहिले नाही.

मास्तर खाटेवर बसले आणि समजावू लागले.

“या अ‍ॅम्पची ताकद खर्जात आहे. म्हणून तू काहीही वाजवलंस तरी तो आधी खर्ज उचलायला धावतो. सगळा दम तिथेच जातो, आणि फाटतं ते नुसतं जाडजूड. खर्ज काढून घेतला की तोच दम सुरावर लागतो. आणि आवाज बारीक ठेवलास तर तो लोळत पडतो. त्याला त्याच्या सीमेपर्यंत न्यावं लागतं, तिथेच तो बोलतो. तू त्याला तिथे नेत नव्हतास, बाहेरून खोटं फाटणं आणून त्याच्या तोंडात कोंबत होतास. सकाळपासून खाली काय चाललं होतं?”

“जवारी काढत होते,” अभिराम म्हणाला. तंबोऱ्याच्या घोडीला तार नेमकी टेकावी आणि सूर झणकारावा म्हणून घोडी घासतात, त्याला जवारी काढणे म्हणतात. मिरजेत ते कोणाला शिकवावे लागत नाही.

“घोडीवर काही चढवत होते का?”

“नाही. घासत होते.”

मग मास्तरांनी सांगितले की ही युक्ती त्यांची नव्हे. एका जत्रेत ऐन कार्यक्रमात त्यांचा अ‍ॅम्प जळाला. पुढच्या गाण्यात सगळा भार गिटारवर होता. तेव्हा मामांनी आपली वायर काढून मास्तरांची खोचली आणि खर्जाचे बटण स्वतःच्या हाताने बंद केले.

“खर्ज वाजवणारा माणूस होता तो. त्या दिवशी बाकीचा सबंध कार्यक्रम तो नुसता टाळ्यांनी ठेका देत उभा राहिला, आणि खुशीत होता. आता तुझं सांग. तुला न मागता काय येतं?”

“वेग,” अभिराम म्हणाला.

“तो तुझा खर्ज. बोटं तुझी चांगलीच आहेत, मीच तयार केलीत. पण सूर बोलायच्या आत तू पुढे पळतोस. कशाला भितोस?”

अभिरामला उत्तर माहीत होते. “थांबलो, तर लोकांना कळेल की माझ्याकडे काही नाही.”

“मग थांब,” मास्तर म्हणाले, “आणि तूही एकदा बघ, आहे का ते.”

संध्याकाळी तालीम होती ती गावाबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात, त्यामुळे गादीची गरज नव्हती. पेडल दिसेनात म्हणून ड्रमवाल्याने थट्टा केली. अभिरामने अ‍ॅम्प तापू दिला, खर्ज शून्यावर नेला, आवाज उघडला. एका दुपारीत माणूस बदलत नाही. गाण्याच्या मध्यावर त्याच्या एकट्याच्या वाजवण्याची जागा आली तेव्हा बोटे सवयीने पळायला निघालीच. त्याने त्यांना आवरले आणि एक सूर धरला. तो चढला, गुरगुरला, आणि पुढे त्याला काय सांगायचे आहे ते अभिराम पहिल्यांदाच ऐकत राहिला. मग दुसरा सूर. यामिनी पुन्हा गायला लागणार होती ती जागा येऊन गेली, तरी ती माइकजवळ तशीच उभी राहिली आणि हाताने बाकीच्यांना वाजवत राहा म्हणून खुणावत होती.

गाणे संपल्यावर ती एवढेच म्हणाली, “पुढच्या रविवारी हाच अ‍ॅम्प आण.”

अभिरामने अ‍ॅम्प बंद केला. काचेच्या नळ्यांतली लाली हळूहळू विझत होती. ती पूर्ण विझेपर्यंत तो जागेवरून हलला नाही. मग खर्जाच्या बटणावर, जिथे मामांची बोटे टेकली असतील तिथे, त्याने क्षणभर बोट ठेवले आणि ते शून्यावरच राहू दिले.

आपल्यालाही जे न मागता येते ते घटकाभर बंद करून पाहावे. उरलेल्याला बोलायचे असते, पण त्याला आजवर कोणी जागाच दिलेली नसते.