भिवरेनं घडवलेली शेवटची बेडी

ही गोष्ट आमच्या वेळूखडकात सगळ्यांना पाठ आहे, तरी दर पिढीला नव्यानं सांगावी लागते. आणि सांगणाऱ्याचा आवाज दर वेळी चढतोच. माझाही चढेल. लेकरांनो, घाबरू नका, राग तुमच्यावर नाही.

फार वर्षांपूर्वी, बालाघाटाच्या या डोंगरात सडक आलेली नव्हती तेव्हा, आपल्या गावात भिवरा नावाची लोहारीण राहायची. नवरा तरुणपणीच गेला. मागं राहिला भाता, ऐरण आणि घण. बाईमाणसानं घण उचलावा का, यावर गावानं बरीच चर्चा केली. पण पेरणी तोंडावर आली, फाळ बोथट निघाले, तशी चर्चा आपोआप मिटली. असं म्हणतात, भिवरेचा घण पडला की पलीकडच्या डोंगरावरची मेंढरं चरायची थांबून मान वर करायची. तिच्या हातच्या विळ्याला अख्खी सुगी धार लावावी लागत नसे.

गावाच्या शिवेवर एक म्हातारी चिंच होती. तिच्याखाली सटवाजी भगताचं ठाणं. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही असं घरच्यांना वाटे, त्याला इथं आणून चिंचेला साखळीनं बांधत. कुणी सारखं रडायचं, कुणी बोलणंच टाकलेलं असायचं. कुणाला नसलेले आवाज ऐकू यायचे. कुणाच्या छातीत एकाएकी धडधड उठायची, हातपाय गार पडायचे, आणि आपण आत्ताच मरणार असं वाटून तो घराबाहेर धावत सुटायचा. दुखणी वेगवेगळी, पण सटवाजीकडे सगळ्यांना नाव एकच. बाधा! आणि उपायही तोच. साखळी, लिंबाचे फोक, मिरच्यांची धुरी.

तापानं फणफणलेल्या माणसाच्या अंगावर आपण घोंगडी घालतो की नाही? आणि ज्याचं मन आजारी पडलं त्याच्या नाकात मिरचीचा धूर! बरं, हे करणारे कुणी राक्षस नव्हते. सख्खे आईबाप होते, भाऊ होते. माणूस झाडाला बांधून घरी जायचे आणि जेवायला बसायचे.

त्या बेड्या घडवायची भिवराच. विळा, खुरपं, कुऱ्हाड, तशीच बेडी. गाव सांगायचं, ती घडवायची.

एका हिवाळ्यात पाटलाची सून बाळंत झाली. अनसूया तिचं नाव. मुलगा झाला म्हणून पाटलानं गावभर गूळ वाटला. पण अनसूया हसेना. भिंतीकडे बघत बसायची. ताटातलं ताटात राहायचं. लेकरू झोपलं तरी हिचा डोळा लागत नसे. दूध पाझरून चोळी भिजायची, पण लेकरू रडलं तरी ही त्याला उचलायला धजत नसे. सासू म्हणाली, "ही आई न्हवं." शेजारणी म्हणाल्या, पाण्यावर गेली असंल, काहीतरी लागलं असंल. रंगराव पाटलानं सटवाजीला बोलावलं आणि भिवरेला सांगावा धाडला, एक बेडी घडव, पाय बारीक आहे.

भिवरा दोरा घेऊन माप घ्यायला गेली. अनसूयेनं आपणहून पाय पुढं केला.

"मावशी, जरा घट्टच करा," ती म्हणाली. "सैल झाली तर मी सुटंन, आन् लेकराला काही करून बसंन."

भिवरेच्या हातातला दोरा तिथंच थांबला. "तू काही केलंस का त्याला?"

"न्हाई. पण मनात येतंय. कशापायी येतंय ते कळना. मला त्याला जपायचं हाय, मावशी. म्हणून म्हणते, बांधा मला."

भिवरा घरी आली आणि तिनं भट्टी पेटवली. असं म्हणतात, त्या दिवशी भाता कितीही ओढला तरी लोखंड लाल होईना. काळंच्या काळं राहिलं. मग भिवरेच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्या लोखंडावर पडलं, आणि तेव्हा कुठं ते तापलं. बेडी तयार झाली. पण ती त्या बारीक पायाच्या मापाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सारं गाव चिंचेखाली जमलं. अनसूयेला धरून आणलं होतं. भिवरा हातात बेडी आणि हातोडी घेऊन आली, सगळ्यांसमोर खाली बसली, बेडी स्वतःच्या घोट्याभोवती घातली आणि खिळा ठोकून पक्की केली. साखळीचं दुसरं टोक तिनं चिंचेच्या बुंध्याला अडकवलं, आणि हातोडी लांब फेकून दिली.

"भिवरे, काय करायलीस हे?" पाटील ओरडला. "येड लागलं का तुला?"

"लागलंय समजा, पाटील. येड्याला बांधायची रीत हाय ना तुमची? मग बसू द्या मला हितंच. हिला सोडाल तवा मीबी उठंन."

पाटलाला ते झोंबलं. त्यानं सटवाजीला खूण केली. सटवाजीनं जुनी साखळी काढली, अनसूयेच्या पायात अडकवली, आणि गाव पांगलं. दोन दिवसांत लोहारीण ताळ्यावर येईल, असं म्हणत माणसं हसत घरी गेली.

ती ताळ्यावर आली नाही. ती तिथंच बसून राहिली आणि तिला सगळं दिसलं. माश्या दिसल्या, मुंग्या दिसल्या, उन्हाबरोबर सरकत जाणारी सावली आणि सावलीमागं सरकू न देणारी साखळी दिसली. येता-जाता ढेकूळ मारणारी माणसं दिसली. ज्यांच्या घरात तिनं घडवलेली खुरपी होती, तीच माणसं. शेजारी लखू धनगर होता. त्याला आवाज ऐकू यायचे. मिसरूड फुटायच्या वयात त्याला इथं बांधलं होतं, आणि आता त्याची दाढी पांढरी होत आली होती! एवढ्या वर्षांत त्याला सटवाजीचा गुण आला नाही, तरी गावानं सटवाजीला कधी विचारलं नाही की बाबा, तुझा उपाय चुकतोय का? लखूलाच मारत राहिले.

भिवरा अनसूयेशी बोलायची. खरं तर ऐकायचीच जास्त. अनसूया तेच तेच सांगायची, मी वाईट आहे, मी मेलेली बरी. भिवरा तिला गप्प बस म्हणायची नाही, रडू नको म्हणायची नाही. "सांग," एवढंच म्हणायची, आणि तिचा हात धरून ठेवायची.

मग सुगी आली. ज्वारी उभी, आणि विळे बोथट. गावात दुसरा लोहार नव्हता. लोक चिंचेकडे येऊन आडून आडून बोलू लागले. चिडलेल्या सटवाजीनं ठरवलं, आता सुनेची बाधा सगळ्यांदेखत काढून दाखवायची. पाटलासकट गाव पुन्हा जमलं. सटवाजीनं निखाऱ्यांच्या घमेल्यात मूठभर मिरच्या टाकल्या आणि तो अनसूयेकडे निघाला.

भिवरा उठली. साखळी ताणेल तेवढी ताणून आडवी उभी राहिली. असं म्हणतात, चिंचेचा बुंधा करकरला.

"हिवतापाला मिरच्या जाळतोस का रे, सटवाजी?" ती म्हणाली. "मोडल्या पायाला फोक मारतोस का? मग हिनं काय केलंय? हिला दुखतंय ते दिसत न्हाई, एवढाच हिचा गुन्हा?" आणि ती गावाकडे वळली. "आन् तुमी! ही पोर स्वतः म्हणती, मला बांधा, लेकराला माझ्यापासून जपा. एवढी माया तुमच्यात कुणात हाय? हिला तुमी आई न्हवं म्हणता?"

तेवढ्यात लेकरू रडलं. गर्दीच्या कडेला अनसूयेचा नवरा व्यंकट लेकराला घेऊन उभा होता. इतके दिवस तो रोज येऊन असाच लांब उभा राहून परत जायचा.

"व्यंकट," भिवरा म्हणाली, "बायको तुझी हाय. घण माझ्या घरी हाय."

"व्यंकट, पाऊल उचलशील तर याद राख!" पाटील गरजला.

व्यंकट पुढं आला. त्यानं रडणारं लेकरू आपल्या बापाच्या हातात दिलं आणि तो चालू लागला. आता पाटील करणार काय? दोन्ही हात अडकलेले. एवढा मोठा पाटील, नातू छातीशी धरून तोंड उघडं टाकून उभा राहिला.

व्यंकट घण आणि छिन्नी घेऊन आला. अनसूयेच्या पायातल्या साखळीवर त्यानं छिन्नी धरली आणि एक घाव घातला. असं म्हणतात, त्या घावाची ठिणगी चिंचेच्या शेंड्याच्या वर गेली, आणि नुसती अनसूयेची नाही, भिवरेची, लखूची, तिथल्या सगळ्यांच्या साखळ्या एकदम तुटून पडल्या. त्याचा नाद डोंगरामागून डोंगर ओलांडत गेला, आणि जिथं जिथं माणसं बांधलेली होती तिथं तिथं कड्या निखळल्या.

एखादा शहाणा विचारतो, एका घावात सगळ्या साखळ्या कशा तुटतील? मी त्याला विचारतो, इतकी वर्षं त्या कुणीच तोडल्या नाहीत, याचं नवल तुला वाटत नाही का?

सुटली म्हणजे बरी झाली असं नसतं, हे भिवरेला कळत होतं. व्यंकटनं बैलगाडी जुंपली. अनसूया, लखू आणि भिवरा बाजाराच्या गावी नूरमियाँ हकिमाकडे गेले. हकीम म्हातारा होता, पुष्कळ शिकलेला होता, आणि त्याला घाई नव्हती. त्यानं अनसूयेला झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, मनात काय काय येतं ते विचारलं.

"बेटी, बाळंतपणानंतर काही बायकांचं मन असं खचतं," तो म्हणाला. "हा आजार आहे, आणि तो बरा होतो. नको ते विचार मनात येतात म्हणून तू वाईट ठरत नाहीस. ते आले की लपवू नकोस, जवळच्या माणसाला लगेच सांग." व्यंकटला त्यानं बजावलं, "हिला झोप मिळाली पाहिजे. लेकराला इतरांनी सांभाळावं, पण तिच्यापासून तोडू नका. आणि तिला एकटी सोडू नका." लखूला मात्र त्यानं वेगळं सांगितलं. त्याचा आजार वेगळा, त्याला कडू काढा रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी सोडायचा नाही.

अनसूया, व्यंकट आणि लेकरू भिवरेच्या घरी राहिले. एकदम काही पालटलं नाही. चार दिवस बरे गेले की पाचवा पुन्हा काळा यायचा. एकदा ती विहिरीच्या काठावर जाऊन बसली, पण तिथूनच तिनं "मावशी!" म्हणून हाक मारली. भिवरा धावत गेली आणि तिला घेऊन आली, आणि गाडी पुन्हा हकिमाकडे गेली. पुढं उन्हाळा सरता सरता एका सकाळी लेकरू तिच्या मांडीवर होतं आणि त्यानं तिचं नाक धरलं. अनसूया हसली. व्यंकट दारात बसून रडला.

लखूचे आवाज कायमचे गेले नाहीत. "बोलत्यात अजून," तो म्हणायचा, "पण मी समदं ऐकत न्हाई." तो पुन्हा मेंढरं राखू लागला. काढा घ्यायला विसरला की गावातलं कुणी ना कुणी आठवण करायचं. त्याची गेलेली वर्षं मात्र कुणाला परत देता आली नाहीत. ती आठवली की माझ्या तोंडाला अजून कडवटपणा येतो.

सटवाजी एक दिवस ठाणं सोडून निघून गेला. भिवरेनं पुन्हा कधी बेडी घडवली नाही. असं म्हणतात, ती वारली तेव्हा चिंचेला अवेळी मोहोर आला आणि भरल्या उन्हात सारं गाव त्या सावलीत मावलं.

आजही वेळूखडकात कुणाची झोप उडाली, कुणी जेवण टाकलं, कुणी बाळंतीण गप्प गप्प राहू लागली की शेजारच्या बायका कामं टाकून तिच्याकडे जाऊन बसतात. त्याला आम्ही 'भिवरेचं बसणं' म्हणतो. कुणी केलं, कुठं लागलं, हे तिथं विचारायचं नाही. झोप लागते का, भूक लागते का, मनात काय येतं, हे विचारायचं. आता तालुक्याला मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, बोलून उपचार करणाऱ्या बाई आहेत. तिथं आमच्या गावातून कुणी एकटं जात नाही. सोबत जाणं हा गावाचा नेम आहे, आणि पहिला मान पाटलाच्या घराचा.

अजूनही कधीमधी लांबच्या गावची एखादी जीप शिवेवर येते. भिवरेच्या जागेचा गुण येतो असं त्यांनी ऐकलेलं असतं. मागच्या सीटवर हातपाय बांधलेलं माणूस असतं, आणि सोबतचे घाईनं विचारतात, नारळ कुठं फोडायचा? तेव्हा शेतात असेल ते माणूस हातातलं काम टाकून रस्त्यावर येतं, जीपच्या आडवं उभं राहतं आणि म्हणतं, "आधी सोडा त्याला. मग बोला."