सोनकीनं लिहिलेला लंगडा मोर

आधी पाय आत घ्या. निमे, त्याचं पांघरूण ओढू नकोस, तुझं तुला आहे. हां, आता ऐका. मध्ये बडबड केलीत तर मी आपली भिंतीकडे तोंड करून झोपेन, बरं का.

तर एकदा काय झालं, एक होतं रान आणि रानाच्या काठाला होतं एक गाव. त्या गावात चित्र काढत नसत, चित्र लिहीत असत. मोर लिहिला, झाड लिहिलं, असंच म्हणत. घराची भिंत गेरूनं सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी ठेचून टोक मऊ करायचं आणि लिहायचं. आणि नवल काय, माहीत आहे? जो प्राणी नीट लिहिला, तो स्वतः रानातून यायचा आणि अंगणात उभा राहून आपलं चित्र बघून जायचा. खरंच सांगते!

त्या गावात लग्न असलं की रानाचं वऱ्हाड आल्याशिवाय अक्षता पडत नसत. नवरीच्या घरची भिंत लिहायची, रानातलं कुणीतरी ती बघायला यायचं, मग लग्न. कुणीच नाही आलं तर वरात आल्या पावली माघारी. मग त्या पोरीला पुन्हा कुणी मागणी घालत नसे.

तिथं दोघी बहिणी राहायच्या. थोरली येसू, धाकटी सोनकी. त्यांच्या आईसारखी भिंत लिहिणारी गावात दुसरी कुणी नव्हती. पण आई तापात गेली. सोनकी फार रडली हो. आणि तेव्हापासून तिनं घराची भिंत कुणाला सारवू दिली नाही. बाप गेरू घेऊन आला की ही भिंतीला पाठ लावून उभी. भिंतीवर आईचा मोर होता, आईचं भेकर होतं, पोटाशी पिल्लू धरलेली माकडीण होती. ऊन लागून, पाऊस लागून सगळं पुसट झालं होतं. पण होतं.

मग येसूचं लग्न ठरलं. बाप म्हणाला, "सोनके, काडी धरायला आईनं तुलाच शिकवलंय. भिंत तूच लिही." सोनकी म्हणाली, "लिहिते बा. पण सारवू देणार नाही."

मग तिनं आईच्या पुसट रेघांवरून काडी फिरवली. आधी मोर. अगदी आईचा मोर! दोघी बहिणी उंबऱ्यात बसून राहिल्या. मोर काही आला नाही. मग भेकरावरून काडी फिरवली. भेकर आलं नाही. मग माकडीण. आता माकडं म्हणजे आगाऊ जात, तुमच्यासारखी, न बोलावता यायची. पण तीही फिरकली नाहीत. लग्न तर तोंडावर आलेलं. येसू चुलीपाशी बसून डोळे पुसत राहिली. सोनकीला ते बघवेना.

ती उठली आणि तडक रानात गेली. ओढ्याकाठी एक मोर चरत होता. एका पायानं लंगडा, पिसारा एका बाजूनं झडलेला. सोनकी म्हणाली, "मोरदादा, आपलं चित्र बघायला का नाही आलास रे? माझ्या अक्काचं लग्न मोडेल!"

मोर म्हणाला, "पोरी, ते माझं चित्रच नाही. तो माझा बाप. तुझ्या आईनं त्याला बघून लिहिला होता. तो मागेच मेला. आता तो कसा येणार? तू लिहिलं नाहीस, नुसतं गिरवलंस."

गिरवणं कळलं ना? पाटीवर बाई अक्षर काढून देतात आणि तुम्ही वरून पेन्सिल फिरवता, तसं. अक्षर बाईंचं, हात तुमचा.

सोनकी मटकन खाली बसली. हमसून हमसून रडली. "मला आईचंच येतं," म्हणाली, "माझं मला काही येत नाही."

"मग बघ की माझ्याकडे," मोर म्हणाला. "मला अजून कुणीच लिहिलेलं नाही."

मग ती बघत बसली. नुसती बघत. मग ओल्या वाळूत बोटानं लिहू लागली. लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. सारखा आईचाच मोर उमटायचा, हाताला तीच सवय. पण मोरही दमानं उभा राहिला. मग कधीतरी लंगडा पाय जमला. झडलेला पिसारा जमला. मग पाण्यावर भेकर आलं, त्याचे टवकारलेले कान जमले. मग झाडावर माकडीण दिसली. मोर म्हणाला, "ओळखलीस का? तुझ्या आईनं लिहिलेलं पिल्लू ते हीच." आता ती मोठी झाली होती आणि तिच्याच पोटाशी पिल्लू होतं.

काय रे? आई परत आली का म्हणतोस? नाही रे बाळा. गेलेलं माणूस येत नाही. माझ्या गोष्टीतसुद्धा येत नाही. ये, जवळ सरक.

तर सोनकी घरी आली. म्हणाली, "बा, गेरू दे." बाप बघतच राहिला. तिनं गेरू कालवला, हात बुडवला, भिंतीवर ठेवला. आणि हात काही हलेना. बराच वेळ तशीच उभी होती. मग एकदाचा फिरवला. माकडीण गेली. भेकर गेलं. मोर मात्र तिनं शेवटाला ठेवला होता. तोही गेला. भिंत नुसती लाल झाली.

भिंत वाळली, मग सोनकीनं लिहायला घेतलं. मांडवातल्या बायका कुजबुजल्या, "अगं बाई, लग्नाच्या भिंतीवर लंगडा मोर? अपशकुन नाही का हा!" सोनकीनं लक्ष दिलं नाही. वरात दारात आली, ढोल थांबला, सगळे रानाकडे बघत उभे. येसूचे तर ओठ पांढरे पडले होते.

आणि आला की मोर! लंगडत लंगडत आला. त्याच्यामागून भेकर आलं, माकडीण मांडवावर येऊन बसली. मोर भिंतीपुढं उभा राहिला. आपला पाय बघितला, आपला पिसारा बघितला. आणि होता तेवढा पिसारा त्यानं फुलवला. मग काय, अक्षता पडल्या!

सासरी निघताना येसूनं सोनकीला पोटाशी धरलं. म्हणाली, "आईचा मोर पुसायला तुझा हात कसा गं धजला?"

"कुठं धजला अक्का," सोनकी म्हणाली. "रडत रडत पुसला."

मग येसू सासरी सुखानं नांदली, सोनकी बापापाशी सुखानं राहिली, आणि भिंत दर साली नव्यानं सारवली गेली. झाली गोष्ट. निमे, डोळे मीट. मी दिवा बारीक करते.